श्वास आणि मज्जातंतू : सर हेन्री डेल ह्यांचे चरित्र

दिवाळीपूर्वी घराची झाडलोट निघते, माळ्यावरच्या जुन्या वस्तू खाली येतात आणि धूळ उडते. घरातील चार माणसांना एखाददुसरी शिंक येते व ती आपल्या कामाला लागतात. पाचव्या माणसाची मात्र छाती सूं सूं वाजू लागते, बोलताना वाक्य पुरे होत नाही आणि सारी रात्र उशीला टेकून बसून काढावी लागते. धूळ तीच, हवा तीच, घर तेच. मग एकट्याच्याच वाट्याला हा जाच का यावा? आपल्या लोकांनी ह्याला वावडे असे नाव फार पूर्वीपासून दिले आहे. एका शरीराला जे सहज पचते, तेच दुसऱ्या शरीराला शत्रूसारखे वाटते, हा त्या शब्दाचा अर्थ. परंतु धुळीचा सूक्ष्म कण श्वासनलिकेच्या अस्तरावर पडल्यापासून छाती आवळली जाईपर्यंत आत नेमके काय घडते, हे शोधून काढण्यास शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या दीर्घ शोधातील बहुतेक धागे ज्या एका माणसाच्या प्रयोगशाळेतून निघाले, त्या सर हेन्री हॅलेट डेल ह्यांची ही जीवनकथा होय.

डेल ह्यांचा जन्म ९ जून १८७५ रोजी लंडन शहरी झाला. सात भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. वडील चिनी मातीच्या भांड्यांच्या धंद्यात होते. घरची स्थिती खाऊनपिऊन सुखी असली तरी मुलांच्या उच्च शिक्षणावर मुक्तहस्ताने खर्च करता येईल अशी नव्हती. हेन्रीची पुढील वाटचाल शिष्यवृत्त्यांच्या आधारावर झाली. टॉलिंग्टन पार्क येथील शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या लेज विद्यालयात गेले आणि तेथून १८९४ साली केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी केंब्रिजमध्ये गॅस्केल व लँग्ली हे दोन थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. आपल्या इच्छेची वाट न पाहता हृदय, आतडी, रक्तवाहिन्या व श्वासनलिका ह्यांचा कारभार चालविणाऱ्या मज्जातंतूंची मांडणी उलगडण्याचे काम ते करीत होते. अशा गुरूंच्या सहवासात डेल ह्यांच्या जिज्ञासेला दिशा मिळाली. अर्नेस्ट रदरफर्ड हे पदार्थविज्ञानवेत्ते कॅनडास गेल्यामुळे मोकळी झालेली एक शिष्यवृत्ती १८९८ साली डेल ह्यांच्याकडे आली. पुढे लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. पण रोग्याच्या नाडीपेक्षा प्रयोगशाळेच्या मेजाकडेच त्यांचे मन अधिक ओढ घेत होते.

१९०२ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्टार्लिंग व बेलिस ह्या मेहुण्यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. त्याच वर्षी ह्या दोघांनी एक मोठा शोध लावला होता. आतड्याच्या अस्तरात निर्माण होणारे एक द्रव्य रक्तातून स्वादुपिंडाकडे जाते व त्यास पाचक रस सोडावयास लावते, असे त्यांनी दाखविले. शरीराचे अवयव एकमेकांशी केवळ मज्जातंतूंनीच नव्हे, तर रसायनांनीही बोलतात ही कल्पना तेव्हा नवी होती. बेलिस ह्यांचा आणखी एक शोध १९०१ सालचा होता व तो आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. संवेदी मज्जातंतूंचे काम त्वचेकडील वार्ता मज्जारज्जूकडे नेण्याचे, म्हणजे बाहेरून आत जाण्याचे, असे सर्व ग्रंथ सांगत. परंतु त्या तंतूंच्या मुळांना मज्जारज्जूजवळ चेतना दिली असता दूर पायातील रक्तवाहिन्या रुंदावतात, असे बेलिस ह्यांना आढळले. ज्याचे काम केवळ ऐकण्याचे असे सर्वजण समजत होते, तो तंतू बोलतही होता! पण तो कोणत्या भाषेत बोलतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ह्याच प्रयोगशाळेत डेल ह्यांची जर्मनीत काम करणाऱ्या ऑटो लोवी ह्या तरुण शास्त्रज्ञाशी ओळख झाली व ती जन्माची मैत्री ठरली.

काही महिने जर्मनीत पाउल एर्लिख ह्यांच्याजवळ घालवून डेल परत आले, तेव्हा त्यांच्यासमोर एक पेच उभा राहिला. औषधांचे कारखानदार हेन्री वेलकम ह्यांनी त्यांना आपल्या संशोधनशाळेत येण्याचे आमंत्रण दिले. धंदेवाईक माणसाच्या पदरी नोकरी पत्करणे म्हणजे शास्त्रज्ञाने आपले स्वातंत्र्य विकणे, असे त्यांच्या हितचिंतकांना वाटत होते. डेल विवाहाच्या विचारात होते आणि विद्यापीठाच्या तुटपुंज्या वेतनात संसार चालणे कठीण होते. त्यांनी १९०४ साली ती नोकरी स्वीकारली व त्याच वर्षी एलन हॅलेट ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील दहा वर्षांत त्या संशोधनशाळेतून जे काम झाले, ते पाहून मित्रांची भीती अनाठायी होती हे सिद्ध झाले.

वेलकम ह्यांनी त्यांना एक काम सुचविले, ते अर्गटच्या अभ्यासाचे. अर्गट ही राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणारी एक बुरशी होय. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. ही त्याच कुळातील. अर्गटने दूषित झालेले धान्य खाऊन युरोपात मध्ययुगात पुष्कळ माणसे दगावली, आणि तीच बुरशी अल्प प्रमाणात दिली असता प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबतो हेही सुइणींना माहीत होते. डेल ह्यांना ह्या विषयाचा प्रारंभी फारसा उत्साह नव्हता. पण ही काळी बुरशी म्हणजे रसायनांची खाणच निघाली.

आरंभालाच एक प्रसंग घडला. अर्गटचे सत्त्व दिलेल्या एका मांजरीवर प्रयोग चालू असता कारखान्यातून अधिवृक्क ग्रंथीचे चूर्ण नेहमीच्या तपासणीसाठी आले. त्या चूर्णाने रक्ताचा दाब वाढावयास हवा; पण तो उलट उतरला. माल निकामी आहे, असा शेरा डेल ह्यांनी मारला. पुढल्या आठवड्यात पुन्हा माल आला व पुन्हा तेच घडले. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की दोष चूर्णात नसून आधी दिलेल्या अर्गटमुळे शरीराचे उत्तरच उलटे झाले आहे. त्यांनी आपला निष्कर्ष बदलला आणि १९०६ साली ह्या निरीक्षणावर निबंध प्रसिद्ध केला. अ‍ॅड्रेनलीनच्या कार्याचा उलगडा करण्यास पुढे त्याचा मोठा उपयोग झाला. अपेक्षेविरुद्ध घडलेली गोष्ट टाकून न देता तिला प्रश्न विचारावयाचा, हा त्यांचा जन्माचा स्वभाव ह्या प्रसंगी प्रथम दिसला.

१९१० साली जॉर्ज बार्जर ह्या रसायनज्ञाच्या साहाय्याने डेल ह्यांनी अर्गटमधून एक द्रव्य वेगळे काढले. त्याला आज आपण हिस्टॅमीन म्हणतो. पॅट्रिक लेडलॉ ह्या सहकाऱ्यासह त्यांनी त्याचे शरीरावरील परिणाम तपासले. गिनीपिगच्या शिरेत त्याचा अगदी अल्प अंश टोचताच त्याच्या श्वासनलिकांभोवतीचे स्नायू इतके आवळले जात, की फुप्फुसात गेलेली हवा बाहेर पडेना. ती फुगलेलीच राहत व काही मिनिटांत प्राणी गुदमरून मरे. हे दृश्य डेल ह्यांना ओळखीचे वाटले. आठ वर्षांपूर्वी, १९०२ साली, फ्रान्समध्ये रिशे व पोर्तिये ह्यांनी असे दाखविले होते की एखादे परके द्रव्य एकदा टोचून काही आठवड्यांनी पुन्हा टोचले, तर दुसऱ्या खेपेस अल्प मात्रेनेही प्राणी कोसळतो. गिनीपिगमध्ये ह्या कोसळण्याचे रूप हुबेहूब हिस्टॅमीनसारखे होते. वावड्याचे रहस्य हाती लागले, असे घोषित करण्याचा मोह दुसऱ्या कोणाला आवरला नसता. डेल ह्यांनी साम्याची नोंद केली आणि पुढे पाऊल टाकले नाही. कारण, दोन गोष्टी सारख्या दिसतात एवढ्यावरून त्या एकच आहेत असे ठरत नाही. हिस्टॅमीन सजीव फुप्फुसात मुळात असते की नाही, हेच तोवर कोणी दाखविले नव्हते.

ह्यानंतर पुन्हा एकदा योगायोग त्यांच्या दाराशी आला. निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तजलाचा गर्भाशयाच्या स्नायूवर काय परिणाम होतो ते ते पाहत होते. मिठाच्या कोमट द्रावणात टांगलेली गिनीपिगच्या स्नायूची पट्टी घोड्याच्या रक्तजलाने एरवी किंचित हाले. एके दिवशी मात्र एका पट्टीने अल्प मात्रेनेच विलक्षण जोराने आकुंचन घेतले. चौकशी करता कळले की तो गिनीपिग पूर्वी घटसर्पाच्या प्रतिविषाच्या तपासणीस वापरलेला होता, व ते प्रतिविष घोड्याच्या रक्तजलात होते. म्हणजे त्या स्नायूला घोड्याच्या प्रथिनांचे वावडे आधीच जडले होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात डेल ह्यांनी दाखविले की वावड्याची ही संवेदनशीलता रक्तात नव्हे, तर ऊतींतच रुजलेली असते. शूल्ट्झ ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१० साली आतड्याच्या स्नायूवर असेच निरीक्षण केले होते, म्हणून ह्या प्रतिक्रियेस दोघांचेही नाव मिळाले.

ह्याच सुमारास अर्गटच्या खाणीतून दुसरे रत्न निघाले. तपासणीसाठी आलेल्या अर्गटच्या एका सत्त्वाने मांजरीचे हृदय जवळजवळ थांबविले. त्यातील कारणीभूत द्रव्य ईविन्स ह्या सहकाऱ्याने शोधून काढले; ते असेटिलकोलीन होते. १९१४ साली डेल ह्यांनी लिहिलेल्या निबंधात त्याचे परिणाम काही मज्जातंतूंना चेतना दिल्यावर होणाऱ्या परिणामांशी किती जुळतात ते दाखविले. पण येथेही त्यांनी तोच संयम पाळला. शरीरात हे द्रव्य आढळलेले नसताना मज्जातंतू तेच सोडतात असे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. १९२१ साली त्यांचे मित्र लोवी ह्यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर प्रसिद्ध प्रयोग केला. एका हृदयाच्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूस चेतना देऊन त्याची गती मंदावली, आणि त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले, तेव्हा तेही मंदावले. मज्जातंतू आपल्या टोकाशी रसायन सोडतो हे ह्यावरून सिद्ध झाले. १९२९ साली डेल व डडली ह्यांनी घोडा व बैल ह्यांच्या प्लीहेतून असेटिलकोलीन वेगळे करून ते शरीराचेच द्रव्य आहे हे निःसंशय दाखविले.

व्हेगसच्या शाखा श्वासनलिकांकडेही जातात व तेथे असेटिलकोलीन सोडून स्नायू आवळतात. आपल्या देशात दमेकरी धोतऱ्याचा धूर घेत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा उपाय मद्रासहून इंग्लंडात पोहोचला व तेथेही रूढ झाला. धोतऱ्यातील विषारी अंश असेटिलकोलीनला स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही, हे त्या उपायाचे मर्म ह्या संशोधनानंतर कळले. धोतरा जीवघेणा असल्यामुळे तो उपाय आज कोणीही करता कामा नये. परंतु त्याच तत्त्वावर बनविलेली सुरक्षित औषधे आज श्वासावाटे दिली जातात.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ साली, डेल ह्यांनी वेलकम संस्था सोडली व सरकारच्या वैद्यकीय संशोधन समितीच्या सेवेत ते शिरले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. घायाळ सैनिक फारसा रक्तस्राव नसतानाही का खचतात, हा त्या वेळचा प्रश्न होता. त्याचा मागोवा घेताना डेल व लेडलॉ ह्यांना असे आढळले की हिस्टॅमीनमुळे केशवाहिन्या सैल होऊन त्यांच्या भिंतींतून रक्तातील पाणी व प्रथिने बाहेर झिरपतात. अंगावर गांध उठते किंवा श्वासनलिकेचे अस्तर सुजते, ते ह्या झिरपण्यामुळेच. आणि शेवटी १९२७ साली, हिस्टॅमीनचा अभ्यास सुरू केल्यानंतर सतरा वर्षांनी, डेल ह्यांनी इन्शुलिनच्या शोधाने विख्यात झालेले चार्ल्स बेस्ट व इतर दोन सहकारी ह्यांच्यासह ताज्या यकृतातून व ताज्या फुप्फुसातून हिस्टॅमीन वेगळे काढून दाखविले. सतरा वर्षे मोकळी सोडलेली जागा पुराव्याने भरून निघाली.

ह्याच काळात लंडनमध्येच सर टॉमस लुइस हे त्वचेचा अभ्यास करीत होते. त्यांचा प्रयोग कोणासही आपल्या हातावर करून पाहता येईल. कोपराखालच्या भागावर पट्टीच्या बोथट कडेने जरा जोराने रेघ ओढावी. प्रथम तांबडी रेघ उमटते. काहींच्या त्वचेवर तिच्या दोन्ही बाजूंना लाली पसरते व मग रेघेवर गांध येते. रेघ व गांध ही हिस्टॅमीनसारख्या द्रव्याची करणी, असे लुइस ह्यांनी अनुमान केले. परंतु भोवतालची लाली मात्र संवेदी मज्जातंतू मृत झालेल्या त्वचेवर उमटत नसे. म्हणजे ती लाली ह्या तंतूंचीच करणी. संवेदी तंतूला त्वचेत अनेक फाटे फुटलेले असतात. राजधानीकडे निरोप घेऊन निघालेल्या जासुदाने वाटेतल्या फाट्यावरून शेजारच्या वाडीलाही तो निरोप कळवावा, तसे येथे घडते. वार्ता मेंदूकडे जाते आणि त्याच वेळी दुसऱ्या फाट्याने मागे वळून जवळच्या रक्तवाहिनीला रुंदावयास सांगते. बेलिस ह्यांनी १९०१ साली पाहिलेला बोलणारा तंतू तो हाच.

१९२८ साली डेल हँपस्टेड येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. स्वीडनचा पंचविशीतला उल्फ फॉन ऑयलर त्यांच्याकडे शिकावयास आला. जॉन गॅडम ह्या सहकाऱ्यासह तो घोड्याच्या आतड्यांचा अर्क तपासत होता. असेटिलकोलीनची क्रिया रोखल्यावरही त्या अर्काने आतड्याचा स्नायू आवळला जाई व रक्तदाब उतरे. हे काही निराळेच द्रव्य होते. त्यांनी ते मेंदूच्या अर्कातही शोधून काढले व १९३१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या अनोळखी द्रव्याला पुढे पी-द्रव्य असे साधे नाव पडले.

१९३५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात डेल ह्यांनी ह्या संदर्भात फार दूरदृष्टीचा प्रश्न उभा केला. संवेदी तंतू त्वचेतील टोकाशी रक्तवाहिनी रुंदावणारे काही द्रव्य सोडत असेल, तर मज्जारज्जूतील दुसऱ्या टोकाशीही तो तेच द्रव्य सोडत असला पाहिजे. तेव्हा ते द्रव्य कोणी ओळखून काढले, तर संवेदनेचा निरोप मज्जारज्जूत कसा पोहोचतो ह्याचाही सुगावा लागेल. उत्तर त्यांच्याच संस्थेच्या कपाटात चार वर्षांपासून पडून होते. पण त्या वेळी ते कोणी ओळखले नाही.

डेल ह्यांचे मोठेपण केवळ मेजावरच्या कामात नव्हते. १९३३ साली जर्मनीत नाझींची सत्ता आली व ज्यू शास्त्रज्ञांना विद्यापीठांतून काढून टाकण्यात आले. त्यांपैकी विल्हेल्म फेल्डबर्ग ह्यांनी आदल्याच वर्षी दोन सहकाऱ्यांसह असे दाखविले होते की वावड्याचा झटका येत असलेल्या गिनीपिगच्या फुप्फुसातून हिस्टॅमीन खरोखर बाहेर पडते. डेल ह्यांनी त्यांना हँपस्टेडला बोलावून घेतले. फेल्डबर्ग आपल्यासोबत एक युक्ती घेऊन आले. जळवेच्या स्नायूच्या पट्टीने अत्यल्प असेटिलकोलीनही ओळखता येई. त्या युक्तीच्या बळावर पुढील तीन वर्षांत, हातापायांच्या स्नायूंना हलविणारे मज्जातंतूही असेटिलकोलीनच सोडतात हे सिद्ध झाले. १९३६ सालचे नोबेल पारितोषिक डेल व लोवी ह्या दोघा मित्रांना मिळाले. दोनच वर्षांनी ऑस्ट्रियात लोवी ह्यांना अटक झाली. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या स्वाधीन करून त्यांना देश सोडावा लागला. लंडनमध्ये त्यांना आधार मिळाला तो डेल ह्यांच्या स्नेहाचा. ज्या राष्ट्राने आपली माणसे उंबऱ्याबाहेर लोटली, त्याचीच विद्या दुसऱ्या राष्ट्राच्या घरी फळास आली, हे इतिहासाने त्या काळी पाहिले.

१९३२ साली डेल ह्यांना सर ही पदवी व १९४४ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या बिकट काळात, १९४० ते १९४५, ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. युद्ध संपल्यावर विज्ञान गुप्ततेच्या कुलपात ठेवू नये असा आग्रह त्यांनी धरला. ज्या कारखानदाराच्या पदरी नोकरी धरल्याबद्दल मित्रांनी त्यांना बोल लावला होता, त्याच्या मृत्युपत्राने स्थापन झालेल्या न्यासाचे ते १९३८ पासून १९६० पर्यंत अध्यक्ष होते व त्यातून वैद्यकीय संशोधनास मोठे साहाय्य मिळाले. २३ जुलै १९६८ रोजी केंब्रिज येथे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पण त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न जिवंत होता. हिस्टॅमीनला रोखणारी पहिली द्रव्ये फ्रान्समध्ये दानिएल बोव्हे ह्यांच्या संशोधनातून १९३७ साली निघाली. वाहते नाक व अंगावरच्या गांधी ह्यांवर ती औषधे गुणकारी ठरली. दमेकऱ्यांना मात्र त्यांनी फारसा गुण आला नाही. ह्यावरून उघड झाले की दम्यात हिस्टॅमीन हा एकटा गुन्हेगार नव्हे. शरीरात हिस्टॅमीनचा साठा मास्ट पेशींत असतो, हे १९५३ साली रायली व वेस्ट ह्यांनी दाखविले. त्या पेशी व पांढऱ्या रक्तपेशी आणखी कित्येक द्रव्ये सोडतात हेही क्रमाने कळले. संवेदी मज्जातंतूंकडे लक्ष वेधले ते मात्र एका स्वयंपाकघरातल्या वस्तूने.

मिरचीची फोडणी कढईत पडताच घरभर ठसका लागतो, हा आपला नित्याचा अनुभव. मिरचीतील तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सेसीन; ते श्वासनलिकेतील बारीक संवेदी तंतूंना चेतविते. हंगेरीत निकोलस यांचो ह्यांनी असे दाखविले, व त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले, की कॅप्सेसीनच्या वारंवार माऱ्याने हे तंतू बधिर केले, किंवा तंतू कापून मृत होऊ दिले, तर दाहक पदार्थ लावूनही सूज येत नाही. म्हणजे त्या सुजेचा उगम मज्जातंतूंत होता. १९७१ साली अमेरिकेत सुझन लीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पी-द्रव्याची रचना उलगडली. ती अकरा अमिनो आम्लांची साखळी निघाली. संवेदी तंतूंच्या दोन्ही टोकांशी हे द्रव्य सापडते. डेल ह्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर असे मिळाले, आणि ते त्यांच्याच संस्थेत जन्मलेल्या द्रव्याच्या रूपाने!

१९८३ साली स्टॉकहोम येथे लुंडबर्ग व सारिया ह्यांनी उंदरांच्या श्वासनलिकांवर प्रयोग केले. सिगारेटच्या धुराने त्या सुजत. परंतु आधी कॅप्सेसीनने संवेदी तंतू निकामी केले असता ती सूज येत नसे. वावड्याच्या दाहात आता जे चित्र दिसते ते असे. धुळीचा वा परागाचा कण पडताच मास्ट पेशी हिस्टॅमीन व इतर द्रव्ये सोडतात. ती अस्तराखालील संवेदी तंतूंच्या टोकांना चेतवितात. तंतू दोन कामे एकदम करतो. एक निरोप मेंदूकडे जातो. तेथून व्हेगसच्या मार्गाने उलट आज्ञा येते, असेटिलकोलीन सुटते, नलिका आवळते व कफ वाढतो. दुसरा निरोप फाट्यावरूनच मागे वळतो. पी-द्रव्यासारखी द्रव्ये सुटून रक्तवाहिन्या झिरपतात व अस्तर सुजते. सुजलेल्या अस्तरात तंतू अधिक हळवे होतात आणि मग थंड हवा, धूर किंवा नुसते हसणेही झटक्याला पुरेसे होते. २०१५ साली बोस्टन येथील संशोधकांनी ह्यात आणखी एक दुवा जोडला. उंदरांत वावड्याच्या पेशी सोडत असलेले एक द्रव्य संवेदी तंतूंना जागे करते, आणि ते तंतू व्हीआयपी नावाचे द्रव्य सोडून त्याच पेशींना अधिक भडकवितात. तंतूंना तात्पुरते मूक केले की दाह कमी होतो.

उंदीर व गिनीपिग ह्यांच्या श्वासनलिकांत पी-द्रव्याचे तंतू विपुल असतात, माणसाच्या नलिकांत ते विरळ असतात. त्यामुळे केवळ पी-द्रव्याला रोखणारी औषधे माणसाच्या दम्यावर अपेक्षेइतकी उतरली नाहीत. दाह शमविणारी श्वासावाटे घ्यावयाची औषधे हाच आजही उपचाराचा मुख्य आधार आहे. हे सांगणे अवश्य आहे, कारण डेल ह्यांच्या चरित्राचे सार ह्यातच आहे. हिस्टॅमीन व झटका ह्यांचे साम्य त्यांना १९१० साली दिसले, तरी पुरावा हाती येईपर्यंत ते सतरा वर्षे थांबले. घाईने उत्तर दिले असते, तर प्रश्न मिटला असे समजून इतरांनी शोध सोडला असता. त्यांनी प्रश्न उघडा ठेवला, म्हणून इतरांना त्यात वाट सापडली. दमेकऱ्याच्या छातीवरचे ओझे आज जितके हलके झाले आहे, त्यात काळ्या बुरशीच्या सत्त्वाचा, टाकून देण्याजोग्या मानलेल्या एका चूर्णाचा आणि न कळलेल्या गोष्टीला कळली असे न म्हणणाऱ्या एका माणसाचा वाटा आहे.